संचालाही सेवापुस्तक असू द्या : कोराडी वीजकेंद्राच्या नव्या संचांबद्दल खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, महानिर्मिती

प्रत : ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन, नागपूर जिल्ह्यातले सर्व आमदार-खासदार, पक्ष कोणताही असो, आणि आमच्या कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप

सप्रेम नमस्कार,

माझे बाबा वीज मंडळात होते. कोराडीला, नागपूरजवळच्या कोळशाच्या वीजकेंद्रात, कोल हँडलिंगमध्ये. ते गेल्यावर मी लोखंडी पेटीतले कागद लावत बसले होते, तेव्हा त्यांच्या सेवापुस्तकाची झेरॉक्स हाती लागली. पिवळी पडलेली, कडेला वाळवीने खाल्लेली. त्यात नाव, उंची, उजव्या भुवईवरच्या खुणेची नोंद आणि जन्मतारखेवरून काढलेली निवृत्तीची तारीख. नोकरीला लागले तेव्हा बाबा तेवीस वर्षांचे होते. 58 पूर्ण झाल्यावर कोणत्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी बसायचं, हे तेव्हाच ठरलेलं होतं. त्याच तारखेच्या हिशेबाने घराचं कर्ज, भावाचं इंजिनिअरिंग आणि माझं लग्न बसवलं गेलं.

बाबा जिथे कामाला जात त्या केंद्राचा पहिला संच, म्हणजे वीज बनवणारं पहिलं स्वतंत्र यंत्र, 1974 साली सुरू झाला. मग एकेक करत सात झाले, सगळे मिळून जवळपास 1,100 मेगावॅट. त्यांतल्या एकालाही सेवापुस्तक नव्हतं. पहिले चार तीस-तीस वर्षांवर चालले. एखादा बंद पडला की दुरुस्ती, पुन्हा सुरू, पुन्हा दुरुस्ती. बाबा म्हणायचे, "म्हातारं झालं तरी जुंपलेलंच आहे बिचारं."

आता तिथे 660 मेगावॅटचे तीन संच आहेत, शिवाय जुन्यांपैकी 210 चा एक. आणि त्यांच्या शेजारी 660 चे आणखी दोन येणार आहेत. हे पत्र त्या दोघांबद्दल आहे. कोराडी उद्या बंद करा, असं मी म्हणत नाही. ज्या केंद्राच्या पगारावर मी शिकले, त्याच्या नावाने बोटं मोडण्याइतकी मी कृतघ्नही नाही. माझं मागणं एवढंच की हे संच उभे राहण्याआधी त्यांची निवृत्तीची तारीख ठरवा आणि ती लेखी, सगळ्यांना दिसेल अशी जाहीर करा.

हे मागणं एकटीच्या डोक्यातून आलेलं नाही. आमची कॉलनी कोराडी रोडवर. मागे एका रविवारी मंदिराच्या हॉलमध्ये गणपतीच्या वर्गणीची मीटिंग होती. वर्गणी दहा मिनिटांत ठरली आणि पुढचे दोन तास थर्मलवर भांडण झालं. निमित्त होतं एका काकूंनी आणलेल्या पापडांचं. काकू सुरादेवीकडच्या. त्यांनी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर करडी पूड बसलेली होती. ती त्यांनी बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवली. साधी धूळ चिमटीत करकरते, ही करकरत नाही. टाल्कम पावडरसारखी गुळगुळीत लागते, आणि बोट झटकलं तरी रेषांमध्ये बसून राहते. आता ती चिमणीतून आली, राखडीच्या, म्हणजे कोळशाच्या राखेच्या, उघड्या ट्रकमधून उडाली की कुठल्या वीटभट्टीची होती, हे मी सिद्ध करू शकत नाही, काकूही करू शकत नाहीत. पण पापड फेकावे लागले.

त्यावर आमच्याच गल्लीतला एक जण उठला. थर्मलमध्ये ठेकेदाराकडे वेल्डर आहे. म्हणाला, "काकू, धूर तुमाले दिसते, मले पगार दिसते. थर्मल बंद झालं तर मी कुठं जाऊ, सांगा." कोणीच काही सांगू शकलं नाही. निवृत्त असिस्टंट इंजिनिअर काकांनी लोडशेडिंगची आठवण काढली. 2005 नंतरची ती वर्षं, जेव्हा खेड्यांत बारा-बारा तास वीज नसायची आणि परीक्षेच्या दिवसांत मुलं कंदिलावर वाचायची. त्यांचं म्हणणं, "वीज नव्हती तेव्हा प्रदूषणावर कोणी हॉलमध्ये मीटिंगा घेत नव्हतं." एक मुलगा छतावर सोलर बसवायचा धंदा करतो. तो म्हणाला, "काका, आता पॅनल आहे ना." काकांनी विचारलं, "रात्री अकरा वाजता मे महिन्यात कूलर कशावर चालते रे तुझं?" मुलगा गप्प झाला. खरं तर त्याला गप्प व्हायचं काही कारण नव्हतं, पण त्यावर पुढे येते.

मला त्या दोन तासांत एक गोष्ट कळली. आम्ही सगळे आजबद्दल भांडत होतो. आजचा पगार, आजची राख, आजचा कूलर. आणि तुमचा निर्णय आहे निदान पंचवीस वर्षांचा. वीज खरेदीचा करार साधारण तेवढा असतो आणि संच प्रत्यक्षात त्याहून जास्त चालतो, हे आम्ही पाहिलं आहे. नवा संच 2030 च्या आसपास सुरू झाला असं धरा. करार 2055 ला संपेल. 40 वर्षं चालवला तर 2070. आणि 2070 हे वर्ष भारताने ग्लासगोच्या हवामान परिषदेत निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी सांगितलेलं आहे. म्हणजे देशातल्या शेवटच्या कोळशाच्या वाघिणींपैकी काही कोराडीतच रिकाम्या होणार का? त्या वेल्डरची मुलगी आज चौथीत आहे. ती तेव्हा पन्नाशी ओलांडलेली असेल. तिला विचारण्याची सोय नाही, निदान तिच्या बापाला तरी तारीख कळू द्या.

आता कागदपत्रांतल्या एका शब्दाबद्दल. नवे संच 'बदली' आहेत, जुन्या बंद केलेल्या संचांच्या जागी येताहेत, असं सांगितलं जातं. आमच्याकडे बदली म्हणजे एक गेला आणि त्याच्या खुर्चीत दुसरा आला. कोराडीच्या खुर्चीचं माप बघा. जुने सात मिळून सुमारे 1,100 मेगावॅट. त्यानंतर आलेले तिघे मिळून 1,980. आता आणखी 1,320 धरले तर नुसते 660 चे संचच 3,300 होतात. राज्यभराच्या हिशेबात ही बदली बरोबर असेलही. पण हवा राज्यभराची नसते, ती कोराडी-महादुल्याची असते. शिवाय जवळच खापरखेड्याला 1,340 मेगावॅट आहेत, तिकडे मौद्याला एनटीपीसीचे 2,320. एका जिल्ह्यात एवढं.

"वीज मुंबई-पुण्याला जाते आणि राखड आपल्याला," हे वाक्य आमच्याकडे पानठेल्यावरही ऐकायला मिळतं. मी ते पूर्ण मान्य करत नाही. वीज ग्रिडमध्ये जाते आणि त्यातून आम्हीही घेतो, माझ्या घरी उन्हाळ्यात दोन कूलर चालतात. पण ते वाक्य पोकळही नाही. चंद्रपूर ते मुंबईजवळचं पडघा ही सुमारे 750 किलोमीटरची, 1,500 मेगावॅट वाहून नेणारी खास उच्चदाब वाहिनी त्यासाठीच टाकली गेली. त्यामागचं गणित साधं आहे. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा राखच असते. एक टन कोळसा मुंबईला नेला तर तीन-साडेतीनशे किलो राख फुकट फिरवून आणल्यासारखं होतं. त्यापेक्षा खाणीजवळ जाळा आणि तारेने वीज पाठवा. धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचं आहे. फक्त या शहाणपणात राख जिथे कोळसा तिथेच राहते.

किती राख? हिशेब मी वहीवर केला, काकांनी तपासून दिला. 660 चा संच पूर्ण भारावर चालला तर तासाला 6 लाख 60 हजार युनिट. एका युनिटला देशी कोळसा साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम. म्हणजे तासाला चारशे टनांच्या वर, दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास. दोन संचांना वीस हजार. एका मालगाडीत चारेक हजार टन बसतात, म्हणजे रोज पाच गाड्या. आणि त्यातून पूर्ण भाराच्या दिवशी सहा-सात हजार टन राख. वीस-पंचवीस टनांच्या हायवा ट्रकात भरायची तर तीनशेच्या आसपास फेऱ्या, रोज. काकांनी मान हलवली आणि म्हणाले, "भार नेहमी पूर्ण नसते, थोडं कमी धर." बरं, थोडं कमी धरा.

ही राख सिमेंटमध्ये, विटांत, रस्त्यांच्या भरावात जाते, मला माहीत आहे. 31 डिसेंबर 2021 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने सगळी राख वापरणं बंधनकारक केलं, जुनी साठलेली राख दहा वर्षांत उपसायला सांगितली आणि न वापरलेल्या राखेला टनामागे हजार रुपये पर्यावरण भरपाई लावली. चांगली अधिसूचना आहे. पण त्याच्या पुढच्याच जुलैत काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही. खसाळ्याचा राखबांध, म्हणजे कोराडीची राख साठवायचा बांध, पावसात फुटला. राखडीचा लगदा शेतांत आणि ओढ्यांतून नदीत गेला, आणि कन्हानवरून शहराला येणाऱ्या पाण्यावरही त्याचा परिणाम झाला. कोळशाचं केंद्र कोराडीच्या लोकांचा प्रश्न आहे असं मानणाऱ्या शहरातल्या मंडळींना तेव्हा नळाला पाणी का नाही म्हणून पहिल्यांदा राखबांध हा शब्द शिकावा लागला. नव्या दोन संचांची राख कुठे जाणार, कोणत्या बांधात, किती वर्षं, हे सांगताना कृपा करून 'शंभर टक्के वापर' एवढंच लिहून थांबू नका.

एका गोष्टीचं श्रेय तुम्हाला द्यायलाच हवं. भांडेवाडीला नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून ते तुम्ही कोराडीच्या संचांना वापरता. आमच्या पिण्याच्या पेंचच्या पाण्यावरचा तेवढा भार कमी झाला. देशात याचं उदाहरण दिलं जातं आणि ते योग्यच आहे. जे पाण्याच्या बाबतीत जमलं ते धुराच्या बाबतीत का जमत नाही, हा माझा खरा राग आहे.

धुरातला गंधक चुनखडीच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा असते, एफजीडी. केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये उत्सर्जनाची मानकं आणली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मग मुदतवाढ. मग पुन्हा मुदतवाढ. आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना गंधकाच्या मानकातून सूटच मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असतो, हे त्यामागचं कारण. कमी असतो हे खरं आहे. पण तासाला चारशे टन जाळल्यावर कमीचंही बरंच होतं, आणि तो वायू हवेत जाऊन बारीक कणांत बदलतो, जे कण फुप्फुसात शेवटपर्यंत उतरतात. त्याच अधिसूचनेत दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना मात्र सूट नाही, त्यांना 2027 अखेरची मुदत आहे. नागपूरची वस्ती 2011 च्या जनगणनेतच 24 लाख होती. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नागपूरचं नाव 2019 पासून आहे. तेव्हा कोराडी आणि खापरखेडा कोणत्या वर्गात मोडतात, दहा किलोमीटर कुठून कुठपर्यंत मोजले, आणि आठ, नऊ, दहा या आताच्या 660 च्या संचांवर धुणारी यंत्रणा पूर्णपणे कधी चालू राहील, हे एका पानात लिहून द्या. ते पान मिळेपर्यंत नव्या संचांबद्दलच्या कुठल्याही हमीवर आमचा विश्वास बसणं अवघड आहे. मागची उधारी बाकी असताना आमच्या किराणावाल्याकडेही नवं खातं उघडत नाहीत.

आता काकांचा रात्री अकराचा कूलर. प्रश्न रास्त आहे. सूर्य मावळल्यावर पॅनल काही देत नाही, आणि मे महिन्यात नागपूरच्या भिंती रात्री एक वाजेपर्यंत तापलेल्या असतात. पण याच प्रश्नात नव्या संचांची अडचणही दडलेली आहे. छतावरच्या सोलरमध्ये नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान मिळायला लागल्यापासून आमच्या एकट्या कॉलनीत अकरा छतं भरली. शेतीचे पंप दिवसा सौर विजेवर आणण्याची योजना राज्य सरकारच राबवतं आहे. म्हणजे येत्या वर्षांत दिवसा सौर वीज वाढत जाणार आणि कोळशाच्या संचांना दिवसा मान खाली घालून चालावं लागणार. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2023 मध्ये नियमच केले, की औष्णिक संचांना टप्प्याटप्प्याने 40 टक्के भारापर्यंत उतरता आलं पाहिजे. मग हजारो कोटींचा संच दिवसा निम्म्याने चालवायचा आणि संध्याकाळी सहा ते बारा पूर्ण, असं करण्यासाठी बांधायचा का?

आणि इथे ग्राहक म्हणून माझा संबंध येतो. विजेच्या दराचे दोन भाग असतात. एक कोळसा जाळला तर त्याचा खर्च, दुसरा संच उभा केल्याचा स्थिर आकार. संच तयार असेल आणि त्याची वीज घेतली नाही, तरी महावितरणला दुसरा भाग द्यावाच लागतो, आणि तो शेवटी आमच्या बिलात येतो. गाडी दारात उभी असली तरी हप्ता सुटत नाही, तसंच. पंचवीस वर्षांचा हा हप्ता आमच्या नावावर काढण्याआधी एवढं सांगा: संध्याकाळच्या त्या सहा तासांची वीज नव्या कोळशाच्या संचातून किती रुपयांना पडेल, बॅटरीत साठवलेल्या सौर विजेतून किती आणि उदंचन जलविद्युत प्रकल्पातून, म्हणजे पाणी वर चढवून ठेवून लागेल तेव्हा खाली सोडून केलेल्या विजेतून, किती? तिन्ही आकडे शेजारी शेजारी, मराठीत, आमच्या वेल्डरलाही समजेल असे. कोळसा खरोखर स्वस्त निघाला तर मी मंदिराच्या हॉलमध्ये उभी राहून तसं सांगेन. काकांनाही आनंद होईल.

जनसुनावणी झाली की, असं तुम्ही म्हणाल. झाली. 29 मे 2023 ला, कोराडीत. नागपूरच्या माणसाला ही तारीख वाचून पुढचं सांगावं लागत नाही. तेव्हा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू असतो. आम्ही त्या दिवसांत दुपारी कांदा खिशात टाकल्याशिवाय दूध आणायलाही जात नाही. 2006 च्या पर्यावरण परवानगीच्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ घ्यायची असते, ते बरोबर आहे. पण तापमान त्या अधिसूचनेत ठरवून दिलेलं नाही. आणि ज्या शहराच्या फुप्फुसांचा आणि बिलांचा प्रश्न आहे त्या शहराला वेगळं विचारू नये, असंही त्यात कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून माझी विनंती अशी. हिवाळी अधिवेशनासाठी डिसेंबरात अख्खं मंत्रिमंडळ नागपुरात असतं. त्याच दिवसांत सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहात एक दिवस खुली चर्चा ठेवा. तुमचे अभियंते, प्रदूषण नियंत्रण मंडळ, महावितरण, सुरादेवी-खसाळा-वारेगावचे शेतकरी आणि ठेकेदारांकडचे कामगारही बोलवा. विशेषतः कामगार. कोळशाची चर्चा नेहमी त्यांच्या नावाने होते आणि ते मात्र शिफ्टवर असतात. आमच्या वेल्डरचा प्रश्न त्या दिवशी विषयपत्रिकेवर पहिला असू द्या: संच ज्या वर्षी निवृत्त होईल त्या वर्षी तो कुठे जाईल, त्याआधी कोणतं दुसरं काम त्याला शिकवलं जाईल आणि त्याचे पैसे आजच्या प्रकल्पखर्चात कुठल्या ओळीत धरले आहेत? जुने संच बंद झाले तेव्हा कायम कर्मचाऱ्यांना दुसरीकडे सामावून घेतात हे बाबांमुळे मला माहीत आहे. ठेक्यावरच्या माणसाचं काय होतं, हे बाबांनाही माहीत नव्हतं.

आणि सभागृहाच्या दारात एक फलक लावा. संच क्रमांक, सुरू होण्याचं वर्ष, करार संपण्याचं वर्ष, बंद होण्याचं वर्ष. चौथा रकाना रिकामा ठेवू नका. बाबांच्या सेवापुस्तकात तो पहिल्या दिवशी भरला होता आणि भरणारा तुमच्याच कार्यालयातला कारकून होता.

उत्तर मराठीत द्यावं. ग्रुपवर मी ते जसंच्या तसं टाकीन.

आपली विश्वासू,
कोराडी रोडवरची एक वीजग्राहक,
थर्मलच्या निवृत्त कर्मचाऱ्याची मुलगी

ता. क. : डिसेंबरात ठेवलीत तर मंडप, कूलर आणि ताक यांचा खर्च वाचेल.